अठरा खाडे

भावेशला पगार पुरत नव्हता असं कोणी म्हणू नये. उलट भावेशच पगाराला पुरून उरत होता. महिन्याच्या सात तारखेला अठरा हजार दोनशे रुपये खात्यात यायचे आणि वीस तारखेला हा पठ्ठ्या खोलीतल्या कल्पेशकडे शंभराची नोट मागायचा. मधल्या तेरा दिवसांत पैसे गेले कुठे असं विचारलं, तर तो खरोखर डोकं खाजवत बसायचा. सांगण्यासारखं मोठं असं त्यानं काही घेतलेलंच नसायचं. टपरीवरचा चहा, मोबाइलवरून मागवलेला बर्गर, दीडशे रुपयांची केसांची कटिंग, शनिवारची बैठक. सिल्वासात शनिवारी बसायला कारण लागत नाही. दारूबंदीच्या गुजरातेतून लोक गाड्या भरून त्याचसाठी येतात, मग इथंच राहणाऱ्यानं कोरडं का राहायचं, असं कल्पेशचं म्हणणं होतं. भावेशला ते पटायचं. त्या काळात भावेशला खर्चाचं कुठलंही म्हणणं लगेच पटायचं.

वय चोवीस, गाव साक्री तालुक्यातलं. सिल्वासाशेजारच्या नरोलीला केबलच्या कारखान्यात मशीनवर काम, आणि कारखान्यापासून दूरच्या वस्तीत दोघांत एक खोली.

बावीस वर्षांचा असताना त्यानं कामगारांच्या पतपेढीतून एक लाख रुपये कर्ज काढलं होतं. त्यातून एक मोटरसायकल आली, एक फोन आला आणि दीवची तीन दिवसांची सहल झाली. सहलीचे फोटो अजून आहेत. कर्जाला जामीन राहिले सुकदेवकाका. त्याच कंपनीच्या राखोलीच्या जुन्या युनिटात ते मेंटेनन्सला होते. पिंपळनेरकडचे, म्हणजे भावेशच्याच भागातले. तेवढ्या ओळखीवर त्यांनी फॉर्म पुढे ओढला, पैसे कशाला हवेत हेसुद्धा विचारलं नाही आणि सही ठोकली. अशी माणसं अजून आहेत, आणि त्यांना गोत्यात आणणारी भावेशसारखी माणसंही आहेत.

कर्जाचा हप्ता पगारातून कापला जायचा. मग भावेशची बदली राखोलीहून नरोलीच्या नव्या युनिटात झाली आणि कुठल्यातरी टेबलावर कागद अडकला. हप्ता कापणं बंद झालं. पहिल्या महिन्यात भावेशला वाटलं, पुढच्या महिन्यात कापतील. दुसऱ्या महिन्यात वाटलं, आपण होऊन कशाला सांगा. तिसऱ्या महिन्यापासून त्याला वाटणंच बंद झालं. आपला पगार वाढला, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली आणि तो वाढलेला पगार मनापासून खर्च केला.

नोव्हेंबरच्या शेवटी एका दुपारी पाळी सुटली, तेव्हा नरोलीच्या गेटबाहेर सुकदेवकाका उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात घडी केलेलं पत्र. ते ओरडले नाहीत. पत्र भावेशच्या हातात दिलं आणि तो वाचेपर्यंत रस्त्याकडे बघत राहिले.

पत्र पतपेढीचं होतं. काका एकतीस मेला निवृत्त होणार होते. त्यांची जन्मतारीख एक जून. खरी कुणालाच ठाऊक नाही. त्या पिढीतल्या अर्ध्या गावाला गुरुजींनी शाळेत घालताना एक जूनलाच जन्माला घातलं होतं. तर निवृत्तीनंतर काकांना पतपेढीतल्या ठेवीचे आणि शेअर्सचे मिळून एक लाख चाळीस हजार मिळायचे होते. पण ते ज्याला जामीन आहेत ते कर्ज थकलेलं आहे, ते फिटेपर्यंत रक्कम देता येणार नाही, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं.

"गावात पिठाची गिरणी घेतोय रे," काका म्हणाले. "इसार देऊन बसलो. जूनमध्ये बाकीचे दिले नाही, तर इसार बुडाला आणि गिरणीही गेली. किती राहिले तुझे?"

भावेशला सांगता येईना. आपल्यावर नेमकं किती कर्ज आहे हे त्याला माहीतच नव्हतं. पैसे थकवल्याची नाही तेवढी लाज त्याला त्या क्षणी या न कळण्याची वाटली. समोर अठ्ठावन्नला टेकलेला माणूस उभा, त्याची आयुष्यभराची शिल्लक आपल्या एका दीवच्या सहलीखाली अडकलेली, आणि आपल्याला आकडासुद्धा ठाऊक नाही.

"काका, एकतीस मेच्या आत एक रुपया राहणार नाही," तो म्हणाला.

"बोलणं सोपं असतं रे भो," काका म्हणाले आणि पत्राची घडी खिशात ठेवून रिक्षाच्या दिशेनं चालू लागले.

दुसऱ्या दिवशी भावेश राखोलीला गेला. पतपेढीचं कार्यालय जुन्या युनिटच्या गेटशेजारी. तिथले नारायण सावंत मूळचे देवगडचे, इथं येऊन वीस वर्षं झालेली. सावंतांनी चष्मा कपाळावर सरकवून संगणकात पाहिलं आणि थकलेलं व्याज धरून आकडा सांगितला. शहाऐंशी हजार. सहा महिने होते.

त्याच आठवड्यात मोटरसायकल गेली. दादऱ्याच्या एका माणसानं तीस हजारांना नेली. जाताना तिचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू येत राहिला. कल्पेश म्हणाला, "यार, तू रडतोस काय?" भावेश म्हणाला, डोळ्यात धूळ गेली. नरोलीत धूळ भरपूर, त्यामुळे ते खपून गेलं.

उरले छप्पन्न हजार. महिन्याला साडेनऊ हजार भरले तरच मे गाठता येणार होता. घरी आईला तीन हजार जायचे, त्याला त्यानं हात लावला नाही. मजा आपण केली, तिची वसुली आईच्या किराण्यातून का करायची? खोलीचे अठराशे, खानावळीचे तीन हजार. मग साबण, तेल, रिचार्ज, येण्याजाण्याची रिक्षा, सगळं मिळून नऊशे रुपयांत बसवायचं. एके काळी एवढे त्याच्या एका शनिवारला लागायचे.

सगळ्यात आधी शनिवारच आला. कल्पेश केस विंचरून दारात उभा. "चल, आज स्वप्नीलची पार्टी आहे. तुझे दोनशे देऊन टाक बस."

भावेशच्या तोंडावर तीन-चार बहाणे आले. पोट बिघडलंय, उद्या लवकरची पाळी आहे, गावचा माणूस येणार आहे. आयुष्यात आजवर त्यानं हेच केलं होतं. पैसे नसले की आजारी पडायचं. पण त्या दिवशी त्याला स्वतःचाच कंटाळा आला आणि तो सरळ बोलून गेला, "मला नाही परवडत."

कल्पेश कंगवा हातात धरून बघतच राहिला. भावेशचे कान तापले. एवढं साधं वाक्य, पण ते त्यानं जन्मात उच्चारलं नव्हतं. कल्पेश निघून गेला आणि भावेश खाटेवर पडून राहिला. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला वाईट वाटत नाहीये. उलट पाठीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटतंय. मग त्याला ती सवयच लागली. चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, वाढदिवसाच्या वर्गणीला तो दणकून सांगू लागला, मला नाही परवडत. इतक्या अभिमानानं, की ऐकणाऱ्याला वाटावं याला कसलं तरी बक्षीस मिळालंय. पोरं त्याला कंजूस काका म्हणू लागली. म्हणू देत.

रिक्षा सोडली, रोजचे साडेतीन किलोमीटर पायी चालू लागला. केस गेटसमोरच्या खुर्चीवाल्याकडे चाळीस रुपयांत कापून घेतले. त्यानं मागून थोडे वाकडे कापले, पण मागचं आपल्याला कुठं दिसतं? डिसेंबरचे साडेनऊ हजार भरले. जानेवारीचेही भरले. सावंतांनी पावती फाडून दिली, तेव्हा तो ती दुचाकीच्या चावीसारखी बोटाभोवती फिरवत गेटबाहेर पडला.

तरी नऊशे पुरेनात. जानेवारीत चप्पल तुटली, दाढ दुखली, आणि कापायला फक्त जेवण उरलं.

इथं खाड्याची भानगड सांगायला हवी. कारखान्यात खाडा म्हणजे गैरहजेरी. खाडा झाला की त्या दिवसाचा पगार जातो आणि खाडे वाढले की माणूसच जातो. खानावळीत याच्या बरोबर उलटं. तिथं जेवण चुकवलं की तो खाडा, आणि तेवढे पैसे महिन्याच्या बिलातून वजा होतात. एकच शब्द, एकीकडे खिसा कापतो, दुसरीकडे भरतो. नरोलीतल्या पोरांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा हा शब्द येतो आणि कुठला खाडा हे कुणी सांगत बसत नाही. ज्याचं त्याला कळतं. एवढ्या दिवसांत कधी घोटाळा झाला नव्हता.

चिमाबाईंची खानावळ वस्तीच्या टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये. चिमाबाई शहाद्याच्या. खाडा सकाळी दहाच्या आत सांगायचा, एका जेवणाचे पंचेचाळीस वजा, अशी पाटीच दारावर लावलेली. बाईंना लिहिता येत नव्हतं. वही सांभाळायचा चिंधा. तो राखोलीच्या युनिटात कामाला होता, राहायला इथंच, आणि वहीच्या बदल्यात त्याला नाश्ता फुकट होता.

फेब्रुवारी लागला तसा भावेश आठवड्यातून पाच-पाच दिवस सकाळी कामावर जाताना शेडमध्ये डोकावायचा. "मावशी, रात्रीचा खाडा लिहा."

पहिल्या आठवड्यात बाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी उलथनं खाली ठेवलं. "कुठं गावाला चालला का रे रोज?"

"नाही मावशी. इथंच आहे."

"मग खाडा कशाचा? खाडा माणूस गावाला गेल्यावर करतो. मागच्या गल्लीत बसून नाही करत. मन्ही भाकर कडू लागते का तुले?"

"भाकर गोड आहे मावशी. पण मला नाही परवडत."

बाईंना राग आला. जेवण परवडत नाही असं कुणी आपल्या दारात सांगावं हा त्यांना अपमान वाटला. पण खाडा त्यांनी लिहायला लावला, कारण नियम तो नियम. रात्री भावेश खोलीत चुरमुरे आणि दाणे खायचा, वर तांब्याभर पाणी प्यायचा. पोट फसायचं. पहाटे मात्र ते बरोबर ओळखून जागं व्हायचं.

एवढं सगळं चाललं असताना सुकदेवकाकांना त्यानं एक फोनही केला नव्हता. पूर्ण फेडल्याशिवाय काकांना तोंड दाखवायचं नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. हे ठरवणं बाणेदार होतं, पण शहाणपणाचं नव्हतं. तिकडे राखोलीत बसलेल्या माणसाला काय कळणार, की पोरगा फेडतोय की फरार होतोय? एकदा पत्र देऊन झाल्यावर पतपेढीत जाऊन चौकशी करणं काकांच्या स्वभावात नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी खानावळीत वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या होत्या. रविवारचं दुपारचं जेवण भावेशनं कधी चुकवलं नाही. माणसानं मन मारावं, पण इतकंही नाही. शेडमध्ये वीसेक जण ताटावर बसलेले, चिंधा वही बाजूला ठेवून वाढायला लागलेला. एवढ्यात दारात सुकदेवकाका उभे राहिले. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. भावेशला पाहिलं आणि ते तिथूनच कडाडले.

"अठरा खाडे?"

भावेशचा घास हातातच राहिला. त्याला पहिल्यांदा वाटलं, काकांना दया आली असावी, आणि नेमकी तीच त्याला नको होती. "झाले असतील," तो म्हणाला. "माझे खाडे मी बघेन काका. तुम्हाला त्यानं काय फरक पडतो?"

"माले काय फरक?" काका रागावले की अहिराणीत यायचे. "मन्ही सही शे तठे, पतपेढीत! एका महिन्यात अठरा खाडे करतोस, वर तोंड करून बोलतोस?"

"करतोय ते विचार करूनच करतोय."

"विचार करून?" काकांचा आवाज चिरकला. "म्हणजे ठरवून चाललंय. कुठं पळायचं ठरवलं? सुरतला का मुंबईला?"

"पळायचं? पुढच्या महिन्यात अजून वाढवणार होतो, वीस करणार होतो," भावेशही आता पेटला. "कुणाच्या बापाचं काय जातं?"

"पळपुटा!" काका गरजले. "गावाचं नाव घालवलं तू. मी सगळ्या राखोलीत सांगत होतो, पोरगा चांगल्या घरचा आहे. पळपुटा निघाला!"

शेडमधलं चघळणं थांबलं. भावेश उठून उभा राहिला, हात भरताचे, चेहरा लालबुंद. त्याला काकांना काहीतरी कायमचं लागेल असं बोलायचं होतं. ते तोंडातून निघणार, तेवढ्यात चिंधा हातातली पुऱ्यांची परात घेऊन मध्ये आला. त्याचा चेहरा भावेशपेक्षा लाल होता.

"काका, काका, थांबा. ते खाडे खानावळीचे."

"काय?"

"काल तुम्ही विचारलं ना, भावेश कसा आहे? मी म्हटलं, दिसतच नाही हल्ली, अठरा खाडे झाले त्याचे. ते इथले काका. जेवणाचे. कामावर त्याचा एक पण खाडा नाही."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळी शेड हसू लागली. कुणाला ठसका लागला, कुणी मांडीवर थाप मारली. काका हसले नाहीत. भावेशही हसला नाही.

"वही दाखव," काका म्हणाले.

चिंधानं वही दिली. काकांनी चष्मा काढला, लावला आणि भावेशच्या नावासमोरच्या फुल्यांवरून बोट फिरवत एकेक मोजली. रात्र, रात्र, रात्र. सगळ्या रात्री. बोट शेवटच्या फुलीवर आलं तेव्हा शेडमधलं हसणं आपोआप विरलं होतं.

"का रे?" काकांनी विचारलं.

"तुमची गिरणी," भावेश म्हणाला. 

काकांनी वही परत दिली.  वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडातून चूक झाली हे शब्द सहज निघत नाहीत, ते कुठेतरी घशात आडवे बसतात. चिमाबाई म्हणाल्या, "भाऊ, बसा, दोन पुऱ्या खा." काकांनी मान हलवली, पायात चपला सरकवल्या आणि उन्हात निघून गेले.

घोटाळा होता हे सगळ्यांना कळलं. तरीही वीस माणसांसमोर ऐकलेला तो शब्द भावेशच्या अंगाला चिकटून राहिला. पोरं आता त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं बघत होती, काही तर आदरानं बघत होती, पण त्याला आठवायचा तो पळपुटाच. काकांनी तो परत घेतला नव्हता.

त्या संध्याकाळी चिमाबाईंनी त्याला बोलावून घेतलं. "उद्यापासून खाडा लिहिणार नाही. रोज जेवायला ये. पैसे जूनमध्ये दे."

"एक उधारी फेडायला दुसरी नको मावशी."

"मग काय हाडं दाखवत फिरशील?"

भावेश खोलीवर आला आणि विचार करत बसला. विचार करताना हातात फोन होता. दोन वर्षांपूर्वी कर्जातून घेतलेला, अजूनही चकाकणारा. आणि त्याला एकदम स्वतःचंच हसू आलं. आपण महिनाभर पोट मारलं आणि हा खिशात गुबगुबीत! जेवण सोडायचं सुचलं, फोन सोडायचं सुचलं नाही. तरुण माणसाची अक्कल कुठं अडते ते असं. दुसऱ्या दिवशी फोन साडेसहा हजारांना गेला आणि आठशे रुपयांचा बटणांचा फोन आला. पुढचे आठ दिवस तो सारखा खिसा चाचपायचा, जिना संपल्यावर आणखी एक पायरी शोधणाऱ्या पायासारखा. मग ते थांबलं. रात्री मात्र तो चिमाबाईंच्या शेडमध्ये जाऊन पोटभर जेवू लागला, रोख पैशानं, आणि बाई त्याच्या ताटात भाकरी जरा आपटूनच टाकायच्या. ती त्यांची खूश होण्याची पद्धत होती.

मार्चचे पैसे भरले, एप्रिलचे भरले. मार्चमध्ये चुलतभावाचं लग्न झालं, तो गेला नाही. आईला फोनवर म्हणाला, परवडत नाही. आई म्हणाली, "खरं बोललास ते बरं केलंस." तिला कर्जाचं काही माहीत नव्हतं, तरी ती असं म्हणाली.

मेच्या सात तारखेला पगार झाला. आठ तारखेला पहिली पाळी सुटल्यावर तो राखोलीला गेला. खिशात नऊ हजार दोनशे, शेवटचे. सावंतांनी नोटा मोजल्या, यंत्रात घातल्या, परत मोजल्या. मग पावती करायला फाइल उघडली आणि त्यातला एक कागद बाहेर आला. सावंतांनी तो चटकन परत आत सारला, पण भावेशनं खालची सही ओळखली.

"सावंतसाहेब, ते काय आहे?"

सावंत थोडे घुटमळले. "तुम्हाला दाखवायचं नाही असं त्यांनी सांगितलंय. पण आता काय हरकत?" त्यांनी कागद पुढे केला.

तारीख त्या रविवारनंतरच्या सोमवारची होती. अक्षर मोठं, ओळी वर चढत गेलेल्या. 'माझ्या निवृत्तीनंतर माझी रक्कम सहा महिने किंवा वर्षभर अडकून राहिली तरी माझी हरकत नाही. मुलगा खरा आहे. त्याला तगादा लावू नये. तो जेवत नाही.'

भावेशनं ते तीनदा वाचलं. म्हणजे काकांनी गिरणी सोडून द्यायची तयारी केली होती. इसार बुडाला असता, आयुष्यभर डोक्यात फिरत असलेली गिरणी दुसऱ्याच्या दारात लागली असती, आणि हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं.  छातीत असं काही भरून आलं, की खुर्चीत बसवेना. कारण त्याला ठाऊक होतं, या अर्जाची आता गरज नाही. मुदतीच्या तेवीस दिवस आधीच गरज संपली होती, आणि ती त्यानं स्वतः संपवली होती.

"हा अर्ज लागणार नाही," तो म्हणाला.

"नाहीच लागणार." सावंतांनी कागद आपल्याकडे ओढला आणि त्यावर तिरप्या अक्षरात लिहिलं: 'कर्ज बेबाक. अर्ज निकाली.'

भावेशनं वाकून वाचलं. "बेबाक? म्हणजे बिनधास्त ना? हिंदीत म्हणतात तसं?"

"हिंदीत असेल. आमच्या दफ्तरात बेबाक म्हणजे ज्याच्याकडे बाकी नाही तो." सावंतांनी शिक्का मारला आणि दाखला त्याच्या हातात दिला. "पण तुम्ही दोन्ही अर्थांनी घ्या. आज तुमचा हक्क आहे."

बाहेर पडल्यावर तो युनिटच्या भिंतीला टेकून पाच मिनिटं नुसता उभा राहिला. ट्रक जात होते, ऊन मी म्हणत होतं. कुणाचं काही देणं नसलेला माणूस बाहेरून कसा दिसतो, असा विचार त्याच्या मनात आला आणि तो एकटाच हसला. काकांना भेटायला मात्र तो आत गेला नाही. आपण होऊन जाऊन सांगायचं, म्हणजे बघा मी पळपुटा नाही असं सिद्ध करायला गेल्यासारखं होईल. सावंत कळवतील. त्याचं ताठपण अजून गेलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते त्यानं कमावलेलं होतं.

एकतीस मेला राखोलीच्या कँटीनमध्ये निरोप समारंभ होता. चिंधानं निरोप आणला, काकांनी तुला मुद्दाम बोलावलंय. भावेश धुतलेला शर्ट घालून गेला आणि शेवटच्या रांगेत उभा राहिला. दोन पाळ्यांचे मिळून दोनशे लोक जमलेले. शाल झाली, नारळ झाला, भिंतीवरचं घड्याळ दिलं. मॅनेजरसाहेब हिंदीत बोलले, युनियनचे एक जण गुजरातीत बोलले. मग काकांच्या हातात माइक दिला. काका बोलणारे नव्हते. माइक त्यांनी पान्यासारखा धरला.

"माले भाषण येत नाही," ते म्हणाले. "अडतीस वर्षं झाली कामाले. सगळ्यांनी सांभाळून घेतलं. पैसे हातात आले, परवा गिरणीचा सौदा पुरा होईल." लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी हात वर करून त्या थांबवल्या. "एक राहिलं. नरोलीले एक पोरगं आहे. भावेश. तो शेवटी उभा आहे, त्या खांबाजवळ. मी त्याचा जामीन होतो. फेब्रुवारीत मी त्याच्या खानावळीत जाऊन त्याले पळपुटा म्हटलं. चारचौघांत म्हटलं. तेव्हा तो माझ्यासाठी उपाशी राहून फेडत होता, आणि मी ऐकून न घेता बोललो."



"तो शब्द मी परत घेतो," काका म्हणाले. माइक त्यांनी आणखी घट्ट धरला. "तठे खानावळीत वीस जणांनी ऐकला होता. आठे दोनशे आहेत. व्याजासकट परत करतो."

दोनशे माना एकदम मागे वळल्या. भावेशचे डोळे भरून आले, कान तापले, पण त्यानं मान खाली घातली नाही. तो खांबाजवळ ताठ उभा राहिला आणि तिथूनच त्यानं काकांना दोन्ही हात जोडले.